राहिलेली चढाई

सन दोन हजार सतरा. माघ सरून फाल्गुनाचा पहिला आठवडा चालू होता. थंडी गेली होती आणि ऊन अजून बोचत नव्हतं. या दिवसांत कृष्णाकाठच्या गावांत कबड्डीच्या स्पर्धा भरतात. अशाच एका गावच्या संघाने त्या आठवड्यात तालुक्याची ढाल जिंकली. ढाल गावात आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून संघाचे वृद्ध गुरू विचित्र वागू लागले.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. वय पंच्याहत्तरच्या पुढचं. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या पोरांना चढाई आणि पकड शिकवली होती. बोलणं मोजकं. त्यांच्या तोंडून शाबासकी कुणी कधी ऐकली नव्हती. चूक झाली की ते बोलत, चूक झाली नाही की गप्प बसत. म्हणून पोरांना त्यांचं गप्प बसणं गोड वाटे.

त्या संध्याकाळी सरावाला पोरं जमली तेव्हा अण्णांनी सात जणांना मैदानाच्या एका अर्ध्या भागात उभं केलं.

"हात धरा. साखळी करा."

पोरांनी हात धरले. अण्णांनी शिट्टी वाजवली. सातही जण गुडघ्यात वाकून तयार झाले. समोरचा अर्धा भाग मोकळा होता. तिथे फक्कीच्या पांढऱ्या रेघा होत्या, बाकी कुणी नव्हतं.

"अण्णा, समोर कुणी नाही," एकजण म्हणाला.

"दिसतंय मला."

एका दमाला लागेल तेवढा वेळ गेला. अण्णांनी पुन्हा शिट्टी दिली. "सुटा. आता सराव."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कोपरा सांभाळणारा सुहास संघात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होता. तो न राहवून म्हणाला, "भूत येतंय काय चढाईला? तसं असलं तर मला मधे घ्या अण्णा, भुताची मांडी धरायची कशी ते शिकलेलो नाही मी."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

"सुहास, गुडघा वाकव."

पाचव्या दिवशी एक पोरगा आजारी म्हणून आला नव्हता. बाहेर दोघं राखीव खेळाडू उभे होते, पण अण्णांनी त्यांना बोलावलं नाही. हातातली काठी त्यांनी कुंपणाला टेकवली, वहाणा काढल्या आणि साखळीच्या टोकाला सातव्या जागेवर ते स्वतः जाऊन उभे राहिले. शेजारी संघाचा कर्णधार धैर्यशील होता. अण्णांनी त्याचा हात धरला. तो हात कोरडा होता. अण्णांचा उजवा गुडघा बारा वर्षांपूर्वी निकामी झाला होता. तो वाकेना. तरी ते वाकायला बघत होते.

त्या दिवशी कुणी विनोद केला नाही. आजारी पोरगा दोन दिवसांनी परत आला, पण सातवी जागा अण्णांनी सोडली नाही.

धैर्यशीलला हे सोसेना. चोवीस वर्षांचा तो, अंगापिंडाने भरलेला, ढाल खांद्यावर घेऊन गावभर मिरवलेला. म्हाताऱ्या माणसाचा कोरडा हात रोज हातात घ्यायचा आणि मोकळ्या मैदानाकडे बघत उभं राहायचं, हे त्याला शिक्षेसारखं वाटू लागलं. पण कशाची शिक्षा, हे विचारायला तो धजत नव्हता. उत्तर त्याला अर्धंमुर्धं ठाऊक होतं आणि पुरतं ऐकायचं नव्हतं.

पंधराव्या दिवशी सराव संपल्यावर तो मागे थांबला. अण्णा पायांवरची माती झटकत कट्ट्यावर बसले होते.

"अण्णा, आपण कुणाची वाट बघतोय?"

"शेवटच्या सामन्यात शेवटची चढाई कुणाची होती?"

"दस्तगीरची."

"झाली?"

"पंचांनी परत पाठवला त्याला. तांत्रिक गुण मिळाला आपल्याला."

"ते मी विचारलं नाही. चढाई झाली का?"

धैर्यशील खाली बघू लागला. "नाही."

घडलं होतं ते असं. अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे सत्तावीस-सत्तावीस गुण होते. एकच चढाई उरली होती आणि ती पलीकडच्या गावच्या दस्तगीरची होती. त्या स्पर्धेत त्याला धरणारा कुणी भेटला नव्हता. तो येणार, कुणाला तरी शिवणार आणि परत जाणार, हे सगळ्या मैदानाला दिसत होतं. तेव्हा धैर्यशीलने हात वर करून पंचांना बोलावलं होतं.

"साहेब, हा कबड्डी म्हणत नाही. जरा जवळून ऐका."

हे खरं होतं. चढाई करणाऱ्याने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत जायचं, असा नियम आहे. दस्तगीरची जीभ 'क'वर अडकत असे. लहानपणी त्याच्या आजोबांनी त्याला खेळाचा जुना दम शिकवला होता, हुतूतूचा. तो त्याच्या तोंडून झऱ्यासारखा वाहायचा. तोच तो हलक्या आवाजात म्हणत असे. दम सलग आहे हे कुणालाही ऐकू येई, म्हणून आजवर एकाही पंचाने त्याला अडवलं नव्हतं.

पंच त्या वेळी जवळ गेले. "कबड्डी स्पष्ट म्हणायचं," ते म्हणाले.

दस्तगीर मध्यरेषेवर उभा राहिला. त्याचे ओठ हलले. गळ्याची शीर फुगली. 'क' आला, पुन्हा 'क' आला, पुढचं काही येईना. प्रेक्षकांत कुणीतरी त्याची नक्कल केली आणि हशा उठला. पंचांनी शिट्टी वाजवली. अठ्ठावीस-सत्तावीस. गुलाल उधळला गेला. दस्तगीरने सहा जणांशी हात मिळवला, सातव्याशी मिळवला नाही, आणि तो गेला. त्यानंतर तो कुठल्याच मैदानावर दिसला नव्हता.

"त्याचा 'क' अडतो, हे तुला कुणी सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

"त्यानंच." धैर्यशीलचा आवाज बारीक झाला. "तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या शिबिरात आम्ही शेजारी झोपायचो. तेव्हा बोलला होता."

"हूं."

"पण अण्णा, नियमात कबड्डीच लिहिलंय."

"लिहिलंय. पंच चुकला नाही." अण्णांनी काठी आडवी मांडीवर घेतली. "दम कशासाठी म्हणायचा? मधे श्वास घेतला नाही, हे समोरच्या सात जणांना कळावं म्हणून. शब्द हे श्वासाचं माप आहे. त्या पोराचा श्वास खरा होता. चार दिवस तू त्याच्या चढाया बघितल्यास, तुला त्यात खोट दिसली नाही. हरायची भीती वाटली तेव्हा दिसली. त्याचा खेळ अडवायची ताकद तुझ्यात नव्हती, म्हणून तू त्याची जीभ अडवलीस. तीही त्यानं विश्वासानं तुझ्या हातात दिलेली."

धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने बाहीने पुसलं आणि थोडा रागावून म्हणाला, "तुम्ही तर बाकावरच बसला होता."

"होतो." अण्णांनी मान हलवली. "तक्रार मागे घे, एवढं म्हणायला उठावं लागलं असतं. चाळीस वर्षांत गावात ढाल आली नव्हती. मी उठलो नाही. म्हणून आता उभा राहतो."

धैर्यशील त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसला.

"ढाल परत देऊ या का?" धैर्यशीलने विचारलं.

"ढाल पितळेची आहे. ती दिली की सुटलो असं वाटेल तुला. त्याची चढाई राहिलीय, ती दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्यशील मोटारसायकल काढून नदीपलीकडे गेला. दस्तगीर तिथे उसाच्या रोपांच्या नर्सरीत कामाला होता. दोन्ही हातांत रोपांचा ट्रे घेऊन तो जाळीखालून येत होता. धैर्यशीलला बघून तो थांबला, पण ट्रे खाली ठेवला नाही.

"ढाल पुसायला फडकं हवंय?" तो म्हणाला.

"तुझी एक चढाई आमच्याकडं राहिलीय. घ्यायला ये."

"राहू दे. ढालीशेजारी मांडून ठेव."

"शिबिरात तू मला जे सांगितलंस ते मी वापरलं, दस्तगीर. वापरायला नको होतं."

"मी तुलाच सांगितलं होतं," दस्तगीर म्हणाला. "घरच्यांशिवाय दुसऱ्या माणसाला नाही."

  दस्तगीर ट्रे घेऊन पुढे गेला, रांगेत लावून आला, दुसरा ट्रे उचलला. धैर्यशीलने न विचारता तिसरा उचलला आणि त्याच्या मागे चालू लागला. असे दहा-बारा ट्रे झाले.

"अण्णा रोज साखळीत उभे राहतात," धैर्यशील म्हणाला. "तुझ्या चढाईसाठी. सातव्या जागेवर."

दस्तगीर वळला. "अण्णा? त्यांचा तर गुडघा गेलाय."

"वाकत नाही. तरी उभे राहतात."

"रोज?"

"रोज."

दस्तगीरने हातातला ट्रे पहिल्यांदाच मधेच खाली ठेवला. हाताला लागलेला भुसा झटकला. "मला दया नको, सांगून ठेवतो. मुद्दाम पाय पुढं टाकून बाद व्हायचं नाही."

"दया कसली? सात जण धरायला उभे राहणार. सापडलास तर उचलून आपटणार."

"तुझ्या बापाला सापडतोय मी," दस्तगीर म्हणाला, आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. मग हसू आवरून त्याने विचारलं, "दम क... क..." तो थांबला, आणि बोटाने आपला गळा दाखवला.

"तुझा तूच म्हणायचा. मोठ्यानं. आमच्या मैदानावर पंच अण्णा आहेत."

संध्याकाळी दस्तगीर आला. बातमी कशी पसरली कोण जाणे, पण मैदानाच्या कडेला पन्नास-साठ माणसं होती. सुहास त्याच्याकडे बघून म्हणाला, "आलं बाबा भूत! पंधरा दिवस मी उगाच घाबरत होतो, ह्याला तर पाय आहेत."

"धरून बघ ते," दस्तगीर म्हणाला.

अण्णा त्या दिवशी साखळीत उभे राहिले नाहीत. सातवी जागा त्यांनी त्या जागेच्या पोराला दिली आणि स्वतः मध्यरेषेच्या टोकाला पंचाच्या जागी गेले. त्यांनी सात जणांकडे बघितलं.

"ढिलाई केलेली मला चालणार नाही. त्यानं इथवर येऊन खोटा गुण न्यायचा नाही."

शिट्टी वाजली. दस्तगीरने मध्यरेषेची माती कपाळाला लावली, छाती भरून घेतली आणि आत शिरला. हुतूतूतूतू. इतकी वर्षं ओठांत दाबून ठेवलेला दम त्या संध्याकाळी मोकळा सुटला. कडेच्या म्हाताऱ्या माणसांनी माना वर केल्या; हा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. कुणी हसलं नाही.

तो डावीकडे गेला, साखळी डावीकडे वळली. तो उजवीकडे झेपावला. सुहासने घोट्यावर झडप घातली, ती वाया गेली. दस्तगीर आणखी खोल शिरला. धैर्यशीलने मागून घेरायला पाऊल टाकलं. जीव तोडून टाकलं, कसूर केली नाही. दस्तगीरने अंग फिरवलं आणि पाय मागे फेकला. पाय हवेत गेल्यासारखा दिसला. धूळ उडाली. दोघांनी त्याच्या कमरेवर झेप घेतली, ती हुकली, तो त्यांच्या हातांखालून निसटला, मध्यरेषेवर पालथा पडला आणि पलीकडे त्याची बोटं टेकली. दम तोवर चालूच होता.

धूळ बसली. तो कुणाला शिवला की नाही, हे कुणालाच दिसलं नव्हतं. कडेची माणसं एकमेकांकडे बघू लागली. अण्णांची नजर अधू झालेली, त्यांनाही दिसलं नव्हतं. दस्तगीर उठून बसला. त्याने शिवल्याची खूण केली नाही. त्याचीही खात्री नव्हती. "रिकामीच गेली वाटतं," कडेवरून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं.

धैर्यशीलच्या नडगीला दस्तगीरच्या पायाचं बोट लागून गेलं होतं. पानाची कड लागावी तेवढंच. ते त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

त्याने हात वर केला, आणि मैदानाबाहेर जाऊन बसला.