भिंतीकडे तोंड केलेला दिवा

फार वर्षांमागं एका दिवशी आभाळ गच्च दाटलं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. लांबच्या गावी नांदणाऱ्या लेकीला पाठवायला सगुणाआजी आयुष्यातला पहिला फोटो काढायला आली. फोटोवाल्याचा मोठा दिवा ऐटीत म्हणाला, “आज सूर्य मीच!” आणि तिच्या तोंडावर भक्कन पेटला. समोरच्या आरशात देवीचा एकेक वण उठून दिसला. आजीनं पदर ओढला. “नको बाबा, लेक रडंल,” म्हणत ती उठली. दिव्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोटोवाल्यानं दिव्याचं तोंड पांढऱ्या भिंतीकडं वळवलं. भिंतीवरून मऊ उजेड परतला, तशी आजी पुन्हा बसली, हसली. फोटो निघाला.

दिवा मात्र भिंतीपाशी पुटपुटला, “माझ्यापायी ती चालली होती गं.”

भिंत म्हणाली, “अरे, डोळे वटारून बघितलं, की माणूस पदरच ओढणार.”