हौसाने मागे घेतलेला शब्द

नदीकाठच्या एका उसाच्या गावात हौसा नावाची बाई राहत होती. ती गुळव्या होती. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी होती, मधल्या काळात नव्हती, आणि ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी पुन्हा व्हायला निघाली होती.

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळातला सगळ्यात मोठा माणूस. मालक त्याच्यापेक्षा श्रीमंत असतो, पण मोठा नसतो. उसाचा रस काहिलीत, म्हणजे अंगणाएवढ्या कढईत, उकळत असतो. ती काहील आगीवरून कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. जरा आधी उतरवली तर गूळ बसतच नाही, शिऱ्यासारखा लिबलिबीत राहतो. जरा उशीर झाला तर करपून काळा पडतो. दोन्हीच्या मधला जो एवढासा क्षण, तो ज्याला दिसतो तो गुळव्या. तो "उतरवा" म्हणाला की गडी काहिलीला हात घालतात.

त्या गावात याचा एक रिवाज होऊन बसला होता. गुळव्याचा शब्द एकदाच. उतरवा म्हटलं की उतरवायची, शब्द मागे घ्यायचा नाही. गुळव्याने कोणाला काही विचारायचं नाही, आणि विचारल्याशिवाय त्याला कोणी काही सांगायचं नाही. हा रिवाज कोणी पाडला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पाळत मात्र सगळे होते.

हौसाला ही विद्या सासऱ्याने दिली होती. राणबा हा त्या भागातला नावाजलेला गुळव्या. त्याच्या मुलाला गुऱ्हाळाच्या धुराने ठसका लागायचा, म्हणून राणबाने सुनेला शेजारी बसवून घेतलं. रसाचे बुडबुडे कसे बदलतात, रंग कसा फिरतो, पाकाची गोळी बोटांत कशी लागते, सगळं शिकवलं. आणि प्रत्येक वेळी वर सांगितलं, "हौसा, शब्द एकदाच." चार हंगाम हौसाने एकटीने काहिली उतरवल्या. एकही रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, तिच्या हातून बिघडला नाही.

पाचव्या हंगामाच्या तोंडावर राणबाला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. घरात कोणीतरी थांबायला हवं होतं. हौसा थांबली.

राणबा आता फक्त डोळ्यांनी बोलायचा. हौसा पाणी पुढे करायची, तर तो डोळे फिरवायचा. मग ती पांघरूण आणायची. तेही नको असायचं. मग उशी सरळ करायची, तेव्हा कुठे त्याचे डोळे निवायचे. दिवसातून वीस वेळा तिचा अंदाज चुकायचा. वीस वेळा ती म्हणायची, "थांबा मामंजी, चुकलं माझं. दुसरं बघते." अशी नऊ वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात राणबा गेला. घर एकदम रिकामं झालं आणि हौसाचे हातही.

दिवाळी झाली. गुऱ्हाळं पेटायचे दिवस आले. वाऱ्यावर पहिल्या रसाचा वास आला आणि हौसाला घरात बसवेना. ती उठली आणि थेट केरबा पाटलांच्या गुऱ्हाळावर गेली.

केरबा पाटील गुऱ्हाळाचे मालक. माणूस भला, पण हिशेबी. "नऊ वर्सं झाली हौसा," ते म्हणाले. "मधी लई बदललंय. बैलं गेली, इंजिन आलं. काहील मोठी झाली. ऊसबी नव्या जातीचा हाय."

"अण्णा, आग तीच हाय न्हवं?" हौसा म्हणाली.

पाटील हसले. खरं सांगायचं तर त्यांचा गुळव्या त्या वर्षी दुसऱ्या गावाने पळवला होता आणि त्यांनाही नड होती. "बरं," ते म्हणाले. "सोमवारी हंगामाची पहिली काहील. ती तुझी. रवा बसला तर अक्खा हंगाम तुझा. न्हाई बसला तर घरला जायचं, रुसायचं न्हाई."

हौसा घरी आली ती जवळजवळ पळतच. त्या संध्याकाळी तिने आमटीत दोनदा मीठ घातलं आणि भातात घातलंच नाही. माळ्यावरचा लांब दांड्याचा झारा काढून राखेने लख्ख घासला. मग गोठ्यात जाऊन, कोणी बघत नाही ना ते पाहून, हळूच म्हणून बघितलं, "उतरवा." आवाज नीट निघाला नाही. पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. तिचा नवरा दारात उभा राहून म्हणाला, "कुनाला उतरवतीस? म्हशीला?" हौसाला इतकं हसू आलं की तिला खाली बसावं लागलं. किती वर्षांनी ती अशी हसत होती.

पण एक गोष्ट तिला आतून कुरतडत होती. ऊस नव्या जातीचा आहे, म्हणजे नेमका कसा आहे? त्याचा रस लवकर आळतो की उशिरा? हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, शिदूतात्या. काहिलीखालच्या चुलवाणात पिळलेल्या उसाची चिपाडं सारून जाळ घालायचं काम त्याचं. चाळीस वर्षं तो त्या आगीपुढे बसला होता.

रविवारी हौसा मुद्दाम त्याच्याकडे गेली. इंजिन कसं आहे ते विचारलं. गुडघा कसा आहे ते विचारलं. त्याच्या शेळीचीही चौकशी केली. उसाचं मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर गाव म्हणालं असतं, बाई विसरली सगळं. शिदूतात्याला कळत होतं की हिच्या ओठांवर काहीतरी आहे. तो तंबाखू मळत राहिला. न विचारता सांगायचा रिवाज नव्हता.

सोमवार उजाडला. पहिली काहील म्हणजे गावाला जत्राच असते. पोरंसोरं, म्हातारीकोतारी, सगळी वाट्या घेऊन आली होती. इंजिन धडधडत होतं, ऊस चरकात जात होता, हिरवट रस पन्हळीतून काहिलीत पडत होता. शिदूतात्याने जाळ केला. हौसाने पदर खोचला आणि गुळव्याच्या उंच पाटावर चढून बसली. तिचं काळीज इंजिनाच्या वरताण धडधडत होतं.

रस तापला. मळी वर आली, तिने ती झाऱ्याने काढली. हाताला काही सांगावं लागलं नाही. मनगट आपलं आपण फिरत होतं. रस तांबूस झाला, मग सोनेरी झाला. मोठे बुडबुडे लहान झाले. हौसाला वाटलं, मी कधी इथून उठलेच नव्हते. तो आनंद तिला पेलवेना. तिने झाऱ्यावरचा पाक थंड पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी गोळा केला. गोळी झाली.

"उतरवा," हौसा म्हणाली. आवाज खणखणीत आला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पाटलांनी मान डोलावली. आठ गड्यांनी काहिलीच्या कड्यांत दांडे घातले.

गोळी हौसाच्या तळहातावरच होती. पाण्याबाहेर येऊन तिला चार क्षण झाले होते. हौसाने खाली पाहिलं. गोळी ढासळत चालली होती. पसरत पसरत ती टिकलीसारखी चपटी झाली. पाक कच्चा होता. जुन्या उसाला एवढ्या खुणा पुरत होत्या, या उसाला पुरत नव्हत्या.

गड्यांनी दांडे खांद्यांना लावले. आता गप्प बसलं तर काहील उतरणार, गूळ बसणार नाही, हंगाम जाणार. बोललं तर शब्द मागे घेतल्यासारखं होणार. त्या गुऱ्हाळात आजवर कोणी तो घेतला नव्हता. राणबानेही नाही.

हौसाने फार विचार केला असं नाही. नऊ वर्षं जी जीभ दिवसातून वीस वेळा एकच वाक्य बोलली होती, तीच बोलून गेली.

"थांबा. चुकलं माझं."

गडी दांडे खांद्यावर घेऊन तसेच राहिले. पाटलांचं विड्याचं पान तोंडापर्यंत येऊन थांबलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "नऊ वर्सांत गंज चढला वाटतं."

हौसाचे कान तापले. "व्हय, चढलाय," ती म्हणाली. "आदी काहील हाय तिथं ऱ्हाऊ द्या, मग काय बोलायचं ते बोला."

गड्यांनी दांडे काढले. हौसा पाटावरून उतरली, चुलवाणाच्या तोंडाशी गेली आणि वाकून म्हणाली, "तात्या, ह्या उसाला आजून किती जाळ लागंल?"

शिदूतात्याने मागे वळून पाहिलं. आपल्या मागे दुसरं कोणी आहे का, असं त्याला वाटलं असावं. "मला इचारतीस?"

"तुमालाच."

"तंबाकू मळून हुईपतूर," शिदूतात्या म्हणाला. "वर एक घडी न्हाई."

"मळा मग."

शिदूतात्याने चंची काढली. तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि अंगठ्याने मळायला लागला. अख्खं गाव त्याच्या अंगठ्याकडे बघत होतं. पोरं टाचा उंचावून बघत होती. एवढ्या मोठ्या गुऱ्हाळाचं नशीब एका म्हाताऱ्याच्या तळहातावर आलं होतं, आणि म्हातारा काही घाई करायला तयार नव्हता. त्याने टाळी मारून चुरा उडवला, चिमूट दाढेखाली धरली आणि मान डोलावली.

हौसाने नवी गोळी केली. ती पाण्याबाहेर काढली, तळहातावर ठेवली आणि या वेळी थांबली. गोळी ढासळली नाही. तिने ती काहिलीच्या काठावर आपटली. टण् असा आवाज आला.

"उतरवा," ती म्हणाली.

गड्यांनी काहील उतरवली. पाक वाफ्यात, म्हणजे निववायच्या उथळ हौदात, ओतला, घोटला, मग फडकं घातलेल्या साच्यांत भरला. तो थंड होईपर्यंत कोणी घरी गेलं नाही. वाट्या हातात घेऊन लोक तिथेच बसून राहिले. मग पाटलांनी स्वतः पहिला साचा पालथा घातला आणि फडकं सोडवलं.

रवा उभा राहिला. पिवळाधमक, काठ धरून, ताठ. हौसाने तोंडाला पदर लावला आणि ती सगळ्यांसमोर रडली. रडता रडता हसलीही. राणबा बघायला हवा होता, असं तिला फार वाटलं.

पाटलांनी कोपऱ्याचा खडा फोडून तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला. "हंगाम तुझा," ते म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते चुलवाणाकडे वळले. "शिदू, हा ऊस नवा आला त्या साली पयल्या धा काहिली बिगडल्या. किती जाळ लागतुया ते तुला तवाच कळलं हुतं?"

"दुसऱ्याच काहिलीला कळलं हुतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"कुनी इचारलं?" शिदूतात्या म्हणाला.

पाटलांनी रव्याचा आणखी एक खडा फोडला आणि शिदूतात्याच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या काहिलीत रस पडायला लागला. हौसाने गुळव्याचा तो उंच पाट उचलला आणि खाली आणून चुलवाणाच्या तोंडाशी, शिदूतात्याच्या शेजारी मांडला. लोक बघत राहिले. तिला त्याचं काही वाटलं नाही.

"तात्या," पाटावर बसत ती म्हणाली, "आता ह्या नव्या काहिलीचं सांगा. मग इंजिनाचं. नऊ वर्सांचं सगळं इचारायचं ऱ्हायलंय."

शिदूतात्याने चंची उघडून पाहिली. "एवडी तंबाकू न्हाई माज्याकडं," तो म्हणाला, आणि सांगायला लागला.

तात्पर्य: बऱ्याच वर्षांनी कामावर परतणाऱ्याने सगळं आठवतंय असं दाखवू नये. माहीत नाही ते विचारावं आणि चुकलेला शब्द मागे घ्यावा. तेवढं केलं की कसब परत हाताशी येतं, आणि घरच्या माणसांसाठी वेचलेली वर्षंही कामी येतात.