राजाचे दात कोण घासतो?

चिंचणगडच्या मल्हारसेन राजाची दाढ दुखू लागली आणि गडावर सगळ्यांना हसायची बंदी झाली. राजाचा गाल कवठासारखा सुजला होता. त्याने आधी आचाऱ्याला दोष दिला, मग थंड वाऱ्याला, आणि शेवटी त्याला बाभळीच्या काड्या आठवल्या. दात घासायच्या या काड्या गडावर भिवा पुरवत असे.

शिपायांनी भिवाला धरून आणले. त्याची मुलगी येसू मागोमाग आली. काड्यांचा भारा तिच्या डोक्यावरच होता, कारण तो खाली ठेव असे कुणी म्हटलेच नव्हते.

"तुझ्या काड्यांनी माझी दाढ किडली," राजा गाल धरून म्हणाला. "दिवस मावळायच्या आत दुखणं थांबलं नाही, तर तुझे सगळे दात उपटून टाकीन!"

भिवाने घाबरून दोन्ही हात तोंडावर ठेवले.

त्र्यंबकवैद्य चिमटा घेऊन सकाळपासून उभा होता. "महाराज, दाढ पार पोखरली आहे. काढली की सुटाल."

"वरची दाढ आहे ती. वरची काढली की नजर जाते. आमच्या मावशींनी सांगितलंय."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. राजाच्या मावशीला खोटे कोण पाडणार?

"महाराज, घारीला दात असतात का?" येसूने भाऱ्याखालून विचारले.

"नसतात."

"तरी आभाळातून तिला कोंबडीचं पिल्लू दिसतं."

राजा विचारात पडला. मान डोलवायची की नाही, हे दरबाऱ्यांना कळेना.

"मावशी घारीबद्दल काही बोलल्या नव्हत्या," राजा पुटपुटला. मग एकदम गरजला, "पण राजाच्या तोंडात परक्याचा हात जायचा नाही, ही आमच्या घराण्याची रीत आहे. तुला फार कळतं ना? मग माझ्या तोंडाला हात न लावता तूच ही दाढ बरी कर. नाहीतर तुझ्या बापाचे दात गेलेच म्हणून समज."

"येसू, गप्प बस म्हटलं होतं ना," भिवा बोटांच्या फटीतून कण्हला.

"थांबा हो आबा. महाराज, एवढं सांगा, आमच्या काडीने तुम्ही दात कधी घासता? सकाळी की रात्री?"

"मी कशाला घासू? मी राजा आहे. ते काम आमचा हुजऱ्या सदोबा करतो."

"म्हणजे सदोबाकाका तुमच्या तोंडात काडी घालतात?"

"आत्ताच रीत सांगितली ना? तो स्वतःचेच दात घासतो. माझ्या नावाने. पहाटे पळीभर पाणी सोडून म्हणतो, हे महाराजांच्या वतीने. मग घासतो."

सदोबा बंदी विसरून पुढे येऊन अभिमानाने हसला. त्याचे दात असे चमकले की समोरच्या सरदाराने डोळे मिटून घेतले.

"आणि रोज रात्री गडावर पेढे येतात, ते?"

"ते मीच खातो. अवघड कामं दुसऱ्यावर टाकू नयेत."

येसूने भारा खाली ठेवला. "मग झालंच काम! वैद्यबुवा, या सदोबाकाकांची वरची दाढ काढा. काका, पळीत पाणी घ्या आणि म्हणा, ही दाढ महाराजांच्या वतीने."

सदोबाचे हसू मावळले. त्याने ओठ इतके घट्ट मिटले की मिशी नाकाला लागली.

"अगं पोरी, दुखतेय माझी!" राजा म्हणाला. "त्याची काढून माझी कशी थांबेल?"

"का नाही थांबणार, महाराज? त्यांनी घासले की तुमचे दात स्वच्छ होतात, तर त्यांची दाढ काढली की तुमची बरी व्हायलाच हवी. आणि तसं होत नसेल, तर आमची काडी तुमच्या तोंडात एकदाही गेलेली नाही. न गेलेल्या काडीने दाढ किडवली कशी?"

राजाने काड्यांच्या भाऱ्याकडे पाहिले, सदोबाच्या मिशीकडे पाहिले, आणि त्याच्या पोटातून हसू वर येऊ लागले. हसले की दाढ ठणके, ठणकले की तो विव्हळे, आणि आपणच विव्हळतोय म्हणून पुन्हा हसे. तोंड वासलेले राहिले. पुढच्या रांगेतले सरदार वासाने गुपचूप मागच्या रांगेत गेले.

"वैद्यबुवा, रीत गेली खड्ड्यात," राजा डोळे पुसत म्हणाला. "तोंड उघडंच आहे, उरकून टाका."

वैद्याने चिमटा घातला. एक किंकाळी गडाखालच्या गावापर्यंत पोहोचली, आणि दाढ बाहेर आली.

राजा सगळ्यात आधी खिडकीशी धावला आणि डोळे ताणून नदीकाठाकडे पाहू लागला.

"दिसतंय! अगदी बाभळीसुद्धा दिसतायत!" तो बोबडे बोलला. "भिवा, जिथवर मला दिसतायत, तिथवरच्या सगळ्या बाभळी आजपासून तुझ्या."

येसू त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "नीट बघा हं, महाराज. नदीच्या त्या वळणापलीकडेही आहेत. दिसतायत ना? नसतील दिसत, तर मावशींना कळवायला हवं."

राजा खो खो हसत सुटला. "दिसतायत गं बाई, त्याही दिसतायत!"