धाकल्याची तुला

“तेवढं एकच सांगा, बापू. पोराला वाचवलं कुणी? दवाखान्यानं का देवानं?”

असं विचारणारे आमचे मालक. हायस्कूलला विज्ञान शिकवतात. मठाची पायरी चढून आम्ही अजून बसलोसुद्धा नव्हतो.

मठ सांभाळणारे बापू ओसरीत सुपातली डाळ निवडत होते. त्यांनी वर बघितलं.

“आधी पाणी पी, परमेश्वरा.”

“पाणी नंतर. आधी उत्तर.”

“परमेश्वरच देव मानत नाही, असं मी गावात सांगत फिरलो तर लोक मलाच हसतील, लेका. बस आधी.”

हे बसले.

यांचं नाव खरंच परमेश्वर आहे. माळावरच्या या मठात राहूनच यांनी शाळा केली. बापूंनीच बाराखडी गिरवून घेतली आणि बापूंनीच पुढं कॉलेजात धाडलं. घरात कुणाचं ऐकत नाहीत, पण बापूंचं ऐकतात. म्हणून आमच्या घरातलं भांडण मठात आलं होतं.

मला जुळे झाले. दिवस भरायच्या आधीच झाले. दोघांनाही मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. औषध दोघांना सारखंच. सासूबाईंनी मठातला अंगारा नेला होता. सिस्टर आत लावू देईनात, म्हणून काचेला बाहेरून लावला. तोही दोघांना सारखाच. आणि नवस बोलल्या, लेकरं घरी येऊ देत, मठात गुळानं तुला करीन.

थोरला घरी आला.

धाकला आला नाही.

थोरला आत्ता माझ्या मांडीवर होता. मी त्याला खाली ठेवतच नाही. झोपला तरी नाकाखाली बोट धरून बघते. बोटाला वारा लागला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोडत जा त्याला खाली, दुसऱ्याकडं देत जा, नाहीतर तो पालथा कधी पडणार? मला कळतं ते. हात सुटत नाहीत.

सासूबाईंनी गुळाच्या दोन ढेपी पिशवीतून काढून बापूंपुढं ठेवल्या.

“बापू, याला सांगा तुमी. म्हनतो, तुला-बिला काय नगं. देवाचं देनं ऱ्हायलं तर या लेकराचं कसं व्हायचं?”

“आई, गूळ तो गूळ. त्याला वजन असतं, पुण्य नसतं.”

“आन् तुज्या पेटीला लई पुण्य लागून गेलंय! लाईट गेली तवा ‘देवा, देवा’ कोन वरडत होतं?”

“मी जनरेटर लावा म्हणून ओरडत होतो.”

“आदी देवा म्हनलास. मंग जनरेटर.”

बापू हसले. मलाही हसू आलं. पोर हललं तशी मी गप्प झाले.

“लाईट गेली ती दोघांच्याही पेटीची गेली का?” बापूंनी विचारलं.

यांचा आवाज उतरला. “हो.”

“अंगारा?”

“दोघांस्नी,” सासूबाई म्हणाल्या.

“औषध?”

“दोघांनाही. ज्याच्या त्याच्या वजनाच्या हिशेबानं.”

बापूंनी सूप बाजूला सारलं.

“शाळेत प्रयोग करून घेतोस ना तू? दोन कुंड्या. माती एक, पाणी एक, ऊन एक. एका कुंडीतलं रोप वर आलं, एकातलं नाही आलं. मग पोरं वहीत काय लिहितात रे?”

यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाले,

“कारण असतं, बापू. धाकल्याची फुप्फुसं तयार झालेली नव्हती.”

“सटवाईनंच तेवढं लिवलं होतं,” सासूबाई म्हणाल्या.

“म्हणजे उत्तर दोघांकडंही आहे,” बापू म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“हिनं विचारलं होतं का तुम्हाला?”

...

मी काय विचारणार? आमच्या घरात धाकल्याचा विषय निघत नाही. सासूबाई म्हणतात, गेलेल्याची आठवण काढली की राहिलेल्याला बाधतं. हे म्हणतात, मागचं उगाळत बसलीस तर दूध आटेल, डॉक्टरांनीच सांगितलंय. मायलेकांचं दुसऱ्या कशावर जमत नाही. यावर तेवढं जमलंय.

एकदा मी पाळण्यात दोन दुपटी घातली होती, चुकून. सासूबाईंनी एक उचलून नेलं. यांनीही बघितलं.

“परमेश्वरा, तागडी काढ,” बापू म्हणाले.

“बापू, तुम्हीसुद्धा?”

“काढ.”

यांना जागा ठाऊक होती. मागच्या खोलीतून मोठी तागडी आणली, ओसरीच्या तुळईला अडकवली. साखळ्या वाजल्या. पारडी हलायची थांबली तसे बापू मला म्हणाले,

“ठेव त्याला.”

मी उठले. पारड्याजवळ गेले. सासूबाईंनी पारड्यात दुपटं अंथरलं होतं. मी वाकले... पण ठेववेना.

“साखळी तुटली तर?”

“दाण्याची पोती तोलतो आम्ही हिच्यात.”

“तरी...”

“हात पारड्याखाली धर. मग तर झालं?”

“हात लागला तर वजन चुकेल,” हे म्हणाले.

“चुकू दे थोडं,” बापू म्हणाले.

मी ठेवलं. हात खाली धरला, लागेल न लागेल असा. थोरल्यानं साखळीकडं बघितलं, मूठ उघडली, मिटली. पलीकडच्या पारड्यात गूळ पडत गेला. थोरला वर आला, जरा खाली गेला, थांबला.

“भरला गं माज्या बाय!” सासूबाईंनी जमिनीला हात लावून कपाळाला लावला. “फिटला बापू नवस.”

मी थोरल्याला पटकन उचलून छातीशी घेतलं.

“फिटला?” बापू म्हणाले. “नवस एकाचाच बोलली होतीस का?”

सासूबाईंचा हात कपाळावरच राहिला.

...

“दोघांचा,” त्या म्हणाल्या. फार हळू.

“मग धाकल्याला आणा.”

हे ताडकन उठले.

“बापू! काय बोलता हे? हिच्यासमोर?”

“तुझ्या आईनं माझ्या दारात दोन तुला कबूल केल्यात. एक झाली. केवढा होता तो?”

बाहेर माळावर कुणाची तरी शेळी ओरडत होती. बापूंनी पुन्हा विचारलं,

“केवढा होता?”

सासूबाईंनी दोन्ही हात पुढं केले. हातात अंतर धरलं. “इत्का... इत्का होता बापू.” मग ते हात त्यांना खाली घेता येईनात. तसेच धरून बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“हातावर तुला होत नाही. वजन पाहिजे.”

...

“बाराशे पन्नास.”

हे म्हणाले. तोंड भिंतीकडं होतं.

“काय म्हणालास?”

“बाराशे पन्नास ग्रॅम. सिस्टर रोज सकाळी वजन करायच्या. मी काचेबाहेर उभा असायचो. वाढत होता, बापू. दहा-दहा ग्रॅमनं वाढत होता. त्या सकाळीसुद्धा वाढला होता. मी म्हटलं, झालं... आता जमलं. म्हटलं, हिला जाऊन सांगावं... तेवढ्यात...”



मला हे आज कळलं. तो वाढत होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बापूंनी एका पारड्यातलं दुपटं काढलं, दुसऱ्यातला गूळ काढला. मापं आणली. एक किलोचं ठेवलं, दोनशेचं ठेवलं, पन्नासचं ठेवलं. दुसरी ढेप घेतली, वरवंट्यानं फोडली आणि एक मोठा खडा पलीकडं ठेवला. पारडं धाडकन खाली गेलं.

“जास्त आहे,” हे म्हणाले.

“मग काढ तू.”

हे आले. सुरी घेतली. पारड्यापुढं गुडघे टेकून बसले आणि गूळ तासायला लागले. थोडा तासायचे, मागं सरकायचे, डोळा काट्याच्या पातळीत आणून बघायचे. पुन्हा तासायचे. काटा मध्ये आला, तरी उठेनात. एक कण काढला. तो पुन्हा ठेवला.

“झालं का?”

“झालं,” हे म्हणाले. “एवढाच होता.”

बापूंनी खांद्यावरचा धुतलेला पंचा काढला. त्यात तो खडा गुंडाळला. चारी बाजूंनी नीट, सैल न सोडता. मग माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

“तू सांग, पोरी. यांनी सांगितला तेवढाच होता का?”

“मला नाही माहीत, बापू.”

“आई ना तू?”

“मी त्याला घेतलाच नाही कधी.”

मी थोरल्याला घट्ट धरलं.

“टाके होते. मला वर जाऊ देत नव्हते. एकदा खुर्चीवर बसवून नेलं, काचेतून बघितला. नळ्या होत्या. तोंड नीट दिसलं नाही. मग... हेच घेऊन गेले त्याला. मला दाखवला नाही.”

“तुला त्रास होईल म्हणून...” हे म्हणाले.

“नगं म्हनलं मीच,” सासूबाई म्हणाल्या. “वल्ली बाळंतीन. म्हनलं, बगायला नगं.”

दोघांनी माझ्या भल्यासाठीच केलं होतं. मला ठाऊक आहे. म्हणून तर मला कुणाला काही म्हणता येत नव्हतं.

बापूंनी पंचाचं गाठोडं पुढं केलं.

“घे.”

“हात रिकामे नाहीत, बापू.”

थोरला माझ्या दोन्ही हातांत होता. बापू गाठोडं तसंच धरून उभे राहिले. म्हातारा माणूस, हात भरून आले असतील. तरी खाली घेईनात.

...

मी यांच्याकडं बघितलं. मग थोरल्याला छातीपासून सोडवलं आणि यांच्या हातात दिलं.

घरी आल्यापासून पहिल्यांदा.

हे गोंधळून गेले. पोर कसं धरायचं ते त्यांना कुठं ठाऊक! छातीशी धरलं, खांद्यावर घेतलं, पुन्हा छातीशी धरलं.

मी खाली बसले. मांडी घातली. बापूंनी वाकून गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

मला वाटलं होतं, याहून हलका असेल.

माझा डावा हात आपोआप गाठोड्याच्या एका टोकाखाली गेला. मान धरायला. उजवा हात वर आला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मी रडले का तेही आठवत नाही. मांडीला ते वजन लागत होतं, तेवढं आठवतं. एवढा होता. माझ्या पोटात एवढा होता, आणि थोरल्याच्या शेजारी होता, आणि वाढत होता.

सासूबाई पदर तोंडात धरून बसल्या होत्या.

थोरला बापाच्या हातात टाहो फोडून रडायला लागला. हे त्याला हलवत होते, थोपटत होते, तो थांबत नव्हता. माझे हात उचलले गेले नाहीत. पहिल्यांदाच मला वाटलं, रडू दे, बापाजवळ आहे.

हे रडत्या पोराला घेऊनच जवळ आले. माझ्या मांडीकडं बघितलं. डोळे पुसले आणि बापूंना विचारलं,

“बापू, आता या गुळाचं काय...”

बापूंनी ओठावर बोट ठेवलं.

“हळू बोल, परमेश्वरा. आत्ताच निजलंय ते.”