नायट्रेट ऐंशी

“मग आकडा खाली का येत नाही?”

उकिडवे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा अदबीने विचारलं होतं, दुसऱ्यांदा घसा खाकरून. आता सरळ वैतागून.

समोर आबा खवणेकर पडवीच्या पायरीवर बसून केळीचं पान पुसत होते. त्यांनी पान उलटं केलं आणि दुसरी बाजू पुसायला घेतली.

“जेवल्यार सांगतंय,” ते म्हणाले.

जेवायला अजून दोन तास होते.

आबांची उभी हयात एका मत्स्यालयात खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळण्यात गेली. हुद्दा शिपायाचा. पण घरी समुद्र पाळणारी भलीभली माणसं अडली की या खाडीकाठच्या घराची वाट धरत. आबांची एकच अट असे. आलेल्याने सकाळी यायचं, दुपारचं त्यांच्याकडे जेवायचं, आणि मग उत्तर घेऊन जायचं. उत्तर कधी मिळे, कधी नुसतंच जेवण मिळे, असंही लोक सांगत.

सरांना ही अट मुळीच रुचली नव्हती. तेहेतीस वर्षं त्यांनी कोल्हापुरात कॉलेजच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं होतं. पाण्यात काय विरघळतं आणि काय नाही, हे त्यांना कुणी शिपायाने सांगावं, याची त्यांना मनातून लाज वाटत होती. पण सगळे उपाय करून झाले होते. हात टेकूनच ते एसटीत बसले होते.

त्यांनी वही उघडली. पुन्हा तोच पाढा वाचायला घेतला.

टाकी चार फुटी. आत खडक, वाळू, सहा मासे आणि मधोमध जांभळं प्रवाळ. माशांच्या घाणीतून आणि कुजणाऱ्या अन्नातून पाण्यात नायट्रेट साठतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण वाढलं की प्रवाळ मिटतं. पाच-दहा असेल तर ठीक. सरांच्या टाकीत ऐंशी होतं.

दर रविवारी ते पाव टाकी पाणी बदलत. मोजून मीठ घालत. पाण्यातली घाण फेसातून काढणारं महागडं यंत्र त्यांनी बसवलं होतं. खडक ब्रशने घासून लख्ख केले होते. रविवारी आकडा साठावर येई आणि बुधवारी पुन्हा ऐंशीवर जाऊन बसे. चौदा महिन्यांच्या नोंदी होत्या, एकही वार चुकलेला नव्हता.

आबांनी वही हातात घेतली. पानं चाळली. अक्षर सुरेख आहे म्हणाले आणि परत दिली.

“टाकी कोणाची?”

“आमचीच. म्हणजे… शैलाची.”

शैला म्हणजे सरांची बायको. शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने हा समुद्र घरात आणला. सात वर्षं तिने तो एका चिमटीवर चालवला. सकाळी एक चिमूट खाणं, आटलं तेवढं पाणी, बाकी नुसतं बघत बसणं. वही नाही, यंत्र नाही. सर तेव्हा हसायचे.

मग तिचं दुखणं निघालं. आता ती बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून असायची, टाकीकडे तोंड करून. डॉक्टरांनी औषधं थांबवली होती. जाईल तेवढं द्या, त्रास देऊ नका, एवढंच ते सांगून गेले होते.

सकाळी दिवा लागला की प्रवाळ फुलायचं आणि शैला ते बघायची. रोज विचारायची, उघडलं का. सर सांगायचे, उघडेल आता. गेले तीन आठवडे प्रवाळ उघडलं नव्हतं.

गेले चार दिवस तिने विचारलंही नव्हतं.

हे सगळं सरांनी आबांना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “तिला ते एकदा उघडलेलं दिसायला हवं, आबा. वेळ थोडा आहे.” चौदा महिने ते धड झोपले नव्हते. दमणूक त्यांच्या हाडांत शिरली होती.

आबांनी मान हलवली. पान बाजूला ठेवून ते चुलीशी गेले. जाताना म्हणाले, तोवर माझी टाकी बघा.

पडवीच्या कोपऱ्यात आबांची टाकी होती. तीन बाजू सिमेंटच्या, पुढे काच. सरांनी आत डोकावलं आणि नाक मुरडलं. मागची भिंत शेवाळाने हिरवीगार. खडकांवर कसली कसली लव. वाळू कुणी वर्षानुवर्षं हलवलेली नव्हती. त्यांनी पिशवीतून आपली तपासणीची पेटी काढली, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, घड्याळ लावलं. नायट्रेट जितकं जास्त तितकं पाणी लाल होतं. इथे लालभडक व्हायला हवं होतं.

जेमतेम पिवळसर झालं. पाच. फार तर पाच.

सरांनी पुन्हा तपासलं. पुन्हा पाच.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. एवढं घासून, एवढं मोजून आपल्याकडे ऐंशी, आणि या गबाळ्या टाकीत पाच. हा कुठला न्याय?

तेवढ्यात केशरी पट्ट्यांचे दोन मासे काचेशी आले. तोंडं उघडत, मिटत. सरांकडेच बघत होते. सरांचा चेहरा निवळला. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. तिथे शैलाच्या गोळ्यांची जुनी डबी असायची, आता तिच्यात माशांचे दाणे होते. त्यांनी चिमूटभर दाणे पाण्यावर सोडले. मासे वर झेपावले.

आबा चुलीपासून उठले, पडवीत आले आणि खिडकीच्या कठड्यावर एक शिंपला ठेवून गेले.

म्हाताऱ्याला काहीतरी खोड असेल, असं सरांना वाटलं.

मग ते येरझारा घालू लागले. वळून आले की मासे काचेशी. बिचारे. चिमूट जायची. कठड्यावर दुसरा शिंपला आला. सरांनी घरी फोन लावला. शैलापाशी त्यांनी दिवसभरासाठी इंदू नावाच्या ओळखीच्या बाईंना बसवलं होतं. फोन कानाला धरून ते टाकीशीच उभे राहिले.

इंदूबाई म्हणाल्या, पेज दोन चमचे गेली. आता नको म्हणतायत.

“ती नकोच म्हणते. तिचं ऐकू नका,” सर म्हणाले. “अजून दोन चमचे द्या. माझ्या नावाचे म्हणावं.”

इंदूबाई बरं म्हणाल्या.

सरांनी फोन ठेवला. दुसरा हात तोवर डबीत जाऊन पाण्यावर फिरून आला होता. तिसरा शिंपला.

ते खुर्चीवर बसले. शैला एकदा खाटेवरून म्हणाली होती, माशांना एक दिवस काही देऊ नकोस, पाणी आपोआप सुधारेल. सर चमकले होते. आपल्या घरात कुणी उपाशी राहायचं? तिच्या डोक्यावर औषधांचा परिणाम झालाय, असं समजून त्यांनी तो विषय सोडून दिला होता. वहीत ते लिहिलंही नव्हतं. वहीत लिहिलेलं खाणं दिवसाला दोनदाच होतं, पाकिटावर छापलंय तसं.

बाकीचं काही खाणं नव्हे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. येता-जाता दिलेली ती चिमूट होती. घरात शैला जेवत नव्हती. त्यांना स्वतःला घास गिळवत नव्हता. मासे तेवढे त्यांच्या हातून खात होते. त्यांना खाताना पाहून सरांना बरं वाटायचं, आणि दिवसभरात बरं वाटावं असं दुसरं काही उरलंच नव्हतं.

जेवणाची हाक येईपर्यंत कठड्यावर पाच शिंपले झाले.

आबांनी पडवीतच पानं मांडली. एक स्वतःचं, एक सरांचं. सर शाकाहारी, हे फोनवर विचारून घेतलं होतं. कुळथाची पिठी, भात, फणसाची भाजी, सोलकढी. सर दोन दिवसांत पोटभर जेवले नव्हते. गरम पिठी पोटात गेली आणि त्यांचा ताण जरासा सैल झाला. ते मनापासून म्हणाले, छान झालंय.

“मग थोडो भात.”

आबांनी डावभर भात वाढला. कठड्यावरचा एक शिंपला उचलून अंगणात टाकला.

सरांनी तो संपवला. आबांनी पिठी वाढली. दुसरा शिंपला अंगणात गेला.

“पुरे आबा. खरंच पुरे.”

“म्हाताऱ्याचा मन मोडू नकात.”

पुन्हा भात. तिसरा शिंपला. सर ओशाळं हसले आणि खाऊ लागले. आग्रहाला नाही म्हणायचं नसतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांच्या घरी पाहुण्याला जिलब्या वाढताना हेच चालायचं. माझ्या नावाची एक, हिच्या नावाची एक.

चौथ्या वाढपाला त्यांना घाम फुटला. भात घशाशी आला होता. पिठीचा ओघळ पानावरून जमिनीवर उतरला. चौथा शिंपला.

“आबा, नको म्हणतोय मी.”

आबांनी पाचव्यांदा डाव भरला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, राग नव्हता. डाव पानाकडे येऊ लागला.

सर पुढे वाकले आणि दोन्ही तळवे त्यांनी पानावर आडवे धरले.

डाव थांबला…

भाताची वाफ सरांच्या हातांना लागत होती. त्यांनी हात काढले नाहीत. स्वतःच्या तळव्यांकडे ते बघत राहिले.

असाच एक हात त्यांनी रोज पाहिला होता. पेजेच्या वाटीवर आडवा येणारा. सुयांनी निळा पडलेला, हाडकुळा. ते तो मनगटाला धरून हळूच बाजूला करायचे. प्रेमानेच करायचे. एवढा एकच, शैला, माझ्यासाठी. ती तोंड उघडायची. डोळे मिटून गिळायची.

गेले चार दिवस तिने हातही वर केला नव्हता. सरांना वाटलं होतं, चला, आता निदान अडवत तरी नाही.

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. हात पानावरच होते.

खाली खाडीत कुणीतरी होडी ओढत होतं. वाळूवर लाकूड घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

“मी पहिल्यांदा पुरे म्हटलं,” सर अखेर बोलले, “तेव्हा तुम्हांला कळलं नाही का?”

“नाय. हात आडवे इले तेवा कळला.”

आबांनी डावातला भात पुन्हा तपेल्यात घातला. झाकण ठेवलं. कठड्यावर एक शिंपला उरला होता, तो तसाच राहू दिला.

सरांनी डाव्या हाताने खिशातली डबी काढली आणि पानाशेजारी ठेवली. मग त्याच हाताने फोन काढला. नंबर लावला. पलीकडे इंदूबाई सांगू लागल्या, दुपारचे दोन चमचे दिलेत, तिसरा भरतेय. सरांनी त्यांना मध्येच थांबवलं. वाटी उचला म्हणाले. ती मागेल तेव्हाच द्या. आणि तिला सांगा… मी येतोय एवढं सांगा, म्हणाले.

सरांनी फोन ठेवला. आबांनी स्वतःचं जेवण सावकाश संपवलं, चूळ भरली, आणि येऊन समोर बसले.

केशरी पट्ट्यांचे मासे पुन्हा काचेशी आले होते. तोंडं उघडत, मिटत.

तीनच्या एसटीला अर्धा तास होता. सर पिशवी भरू लागले. पेटी आत गेली, वही आत गेली. डबी पानाशेजारीच राहिली. उंबऱ्याशी जाऊन ते थांबले, आणि सवयीने म्हणा की दमल्या जिवाने म्हणा, ज्यासाठी ते एवढ्या लांब आले होते ते त्यांनी विचारलंच.

“आणि नायट्रेट, आबा?”

आबांनी काचेकडे पाहिलं… मग सरांच्या हातांकडे.

“माशांक हात नसतत, सर.”