कोंडाईची काडी

निवळीच्या विहिरीला अजून काठ बांधला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावात कोंडाई राहायची. रानातली कुठलीही पालेभाजी बोटांत धरली की खायची की टाकायची, ते ती डोळे मिटून सांगायची. बाया ओटीतली भाजी आधी तिच्यापुढे ओतत, मगच चूल पेटवत. गाईसुद्धा नवा चारा तिनं हुंगल्याशिवाय तोंडात घेत नसत, असं म्हणतात.

तिची सून सारजा घाटाखालची. तिकडची माती वेगळी, भाज्या वेगळ्या. त्या साली पावसानं दडी मारली, मळ्यात पेरलेलं करपलं. जमिनीला चिकटून घोळीची भाजी तेवढी पसरली होती. कोंडाई शेजारणीची भाजी निवडायला गेलेली. सारजाला वाटलं, आज आत्याबाईंनी नुसतं जेवायला बसावं. लाल काड्या, बारकी पानं बघून तिनं ओटी भरली. पण घोळीला लागून तशाच लाल काड्यांचं नायटी हे विषारी तणही पसरतं. पोरीनं दोन्ही खुडल्या.

सारजाचा नवरा परगावी; घरातले बाकीचे पुरुष आधी जेवले. बायकांनी पानं घेण्याआधीच सासरा आणि दीर ओकून ओकून आडवे झाले.

चुलत सासरा राणोजी धावत आला. "विष घातलं या पोरीनं! बैल जुंपा. हिला माहेरी सोडून या."

 सारजाच्या माहेरी सावत्र आई. परत आलेल्या लेकीला तिथं कोण उभं करणार?

शेजारणीकडून परतलेली कोंडाई चुलीपुढून उठली. "भावजी, बैल राहू द्या. भाजी मी खुडली होती."

"वहिनी, तुमची बोटं चुकली?"

"म्हातारी झाली बोटं. आता काय त्यांना फाशी देता?"

ताक पिऊन पिऊन दोघे उठले. सारजा घरात राहिली. पण त्या दिवसापासून कोंडाईच्या अंगणात कुणी ओटी सोडली नाही. एकदा तागडीवरचा विश्वास उडाला की गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत नाही, तसं झालं.

कोंडाई सुनेला घेऊन मळ्यात बसली. "हे जाड पान दाब. पाणी सुटलं? ही घोळ. आता ही काडी मोड."

मोडल्या जागी दुधाचा पांढरा थेंब आला.

"दूध दिसलं की टाकायची."

सारजा रडायला लागली. "आत्याबाई, मी सांगते सगळ्यांना खरं."

"गप गं. माझं नाव काय बाजारात विकायचंय? तू घरात आहेस, पुष्कळ झालं. मी असेपर्यंत बोलायचं नाही."

कोंडाई गेली त्या सकाळी रानातली नायटी कुणी न मोडताच पाझरली, बांध पांढरे झाले, असं म्हणतात. सारजा विहिरीवर उभी राहिली आणि गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "भाजी मी खुडली होती!"

अजून निवळीत घोळ शिजवण्याआधी एक काडी मोडतात आणि म्हणतात, "कोंडाई, बघ गं." आणि नव्या सुनेची पहिली भाजी खारट होवो की करपो, जेवणाऱ्यानं तोंड वाकडं करायच्या आत सासू म्हणते, "भाजी मी केली होती."

खरं सगळ्यांना ठाऊक असतं.  पानं चाटूनपुसून संपवतात.