उसनी परात

या, पाय आत घ्या सगळ्यांनी. बापू, तू भिंतीकडे सरक, नाहीतर गोष्ट अर्ध्यावर असतानाच खाली पडशील. आजची गोष्ट जरा रडकी आहे, आधीच सांगून ठेवते.

तर एकदा काय झालं, नदीच्या वळणावर एक गाव होतं, आणि गावाला लागून होता एक डोह. काळा, गार, तळ न लागणारा. गावात कुणाचं लग्न निघालं की त्या घरच्या बाईनं संध्याकाळी डोहाच्या काठी हळदकुंकू वाहायचं, नारळ ठेवायचा आणि किती पानं उठणार ते सांगायचं. सकाळी काठावर भांडी हजर. पातेली, पराती, वाढण्या, सगळी लख्ख. भाडं नाही, व्याज नाही. अट एकच होती, बरं का. नवरीच्या अंगाची हळद उतरायच्या आत भांडी चिंचेनं घासून परत ठेवायची. आणि गावातले सगळे ठेवत आले होते.

त्या गावात लिंबाजी कोष्टी राहायचा. मागावर लुगडी विणायचा आणि विणताना सारखं गुणगुणायचा. शब्द नाहीत, नुसती गुणगुण. त्याची बायको हौसा. तिचं डोकं उशीला टेकलं की झोप लागलीच. तुमच्यासारखं नव्हे. आणि त्यांची लेक ठकी, नुकतीच बोबडं बोलायला लागलेली. हौसा कामं टाकून तिला बोलतं करत बसायची.

मग लिंबाजीच्या बहिणीचं, सरूचं लग्न निघालं. हौसानं डोहाकडून भांडी आणली. पंगती उठल्या, कुणी उपाशी गेलं नाही. राहिली पाठवणी. पाठवणीच्या वेळी विहीणबाईंच्या, म्हणजे नवऱ्या मुलाच्या आईच्या हातात एक भांडं द्यायची तिकडे रीत होती. हौसानं परवडेल तसा एक पितळी गडू आणून ठेवला होता. चांगला होता गडू. तिनं तो दिला. विहीणबाईंनी घेतला, बाजूला ठेवला आणि पदर सारखा केला. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि हौसाचे कान तापले. गेल्याच महिन्यात शेजारणीनं आपल्या विहिणीला भलंमोठं घंगाळ दिलं होतं ना.

आणि इथेच तिचं चुकलं, बाळांनो. डोहाच्या भांड्यांत तांब्याची एक परात होती. काठावर मासोळ्या कोरलेल्या. भिंतीला टेकवून ठेवली होती. हौसानं ती उचलली आणि विहीणबाईंच्या हातात ठेवली. बायका म्हणाल्या, वा, हौसाचा हात मोठा आहे. हौसा फुलून गेली. लिंबाजीचा चेहरा मात्र पडला. वऱ्हाड गेल्यावर तो म्हणाला, अगं, ते आपलं नव्हतं. हौसा म्हणाली, तशीच दुसरी घडवून ठेवू, डोहाला काय कळतंय.

मग लिंबाजीनं व्यापाऱ्याकडून पुढच्या लुगड्यांची उचल घेतली. तांबटाकडून हुबेहूब परात घडवून घेतली, मासोळ्यांसकट. हौसानं ती बाकीच्या भांड्यांबरोबर काठावर ठेवली. डोहानं सगळी भांडी आत घेतली, आणि नवी परात तेवढी बाहेर लोटली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारात एक बाई उभी. केस ओले, लुगडं ओलं, उंबऱ्यापाशी पाण्याचं थारोळं. डोहातली आसरा होती ती, पाण्यातली देवता. रागावलेली नव्हती, बरं का. म्हणाली, माझी परात आण. हौसानं मुदत मागितली. आसरा म्हणाली, देते, पण तोवर तुझं काहीतरी ठेवून घ्यावं लागेल. आणि ती लिंबाजीची गुणगुण घेऊन गेली. माग चालायचा, माणूस गप्प.

हौसा रोज ठरवायची, आज विहिणीकडे जायचंच. वेशीपर्यंत जायची आणि माघारी यायची. दिलेला आहेर परत कसा मागायचा? लोक काय म्हणतील? सरूला तिथे नांदायचंय. मग पुन्हा उचल, पुन्हा तांबट, आणि डोहानं तीही परात लोटली. आसरा आली आणि हौसाची झोप घेऊन गेली. हौसा उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडून राहायची. फळीवर नव्या कोऱ्या पराती, आणि चुलीवर शिजवायला मूठभर डाळ.

मग आसरा तिसऱ्यांदा आली. हौसा चुलीपुढे उभी होती आणि ठकी तिच्या निऱ्या धरून.

"हौसा, जा आणि माग," आसरा म्हणाली. "मागितल्यावाचून यातून सुटका नाही."

"तेवढं सांगू नकोस, बाई. हवं ते घेऊन जा, पण मला तिच्या दारात पाठवू नकोस."

बोलून गेली बिचारी. आसरा खाली वाकली, ठकीच्या गालावरून तिनं हात फिरवला आणि पोरीचे बोल घेऊन गेली.

तुम्हाला वाटेल, आता तरी हौसा गेली असेल. नाही गेली. आता तर लाज आणखीच वाढली. परातीपायी पोर मुकी झाली, हे कुणाला सांगायचं? म्हणायची, देवाची मर्जी. मला तिचा राग येतो आणि कीवही येते. अशी वर्षं गेली. ठकीचं झबलं जाऊन परकर आला. पाणी हवं असलं की ती माठाकडे बोट दाखवायची.

एकदा ती कडब्याच्या खोपटात शिरली आणि कुणीतरी न बघता बाहेरून कडी घातली. सगळा गाव तिला हाका मारत फिरला. पोर आतून ऐकत होती, पण तिला ओ देता येईना. दिवेलागणीला सापडली, तेव्हा रडून रडून डोळे सुजले होते, आणि त्या रडण्यालाही आवाज नव्हता.

मग हौसा उठली आणि तडक विहिणीच्या गावी गेली. दारातूनच म्हणाली, "विहीणबाई, ती परात माझी नव्हती. उसनी होती. मला परत हवी आहे."

विहीणबाई म्हणाल्या, "एवढंच होय? घेऊन जा की."

त्यांनी माळ्यावरून परात काढली. तिच्यात चिंचोके होते, ते सुपात ओतले, धूळ पुसली आणि परात हौसाच्या हातात दिली. हौसा तिथेच पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. विहीणबाईंना काही कळेना. त्यांनी तिला पाणी दिलं.

डोहानं परात घेतली. हौसा घरी आली तर मागापाशी गुणगुण चाललेली. थोडी बेसूर झाली होती, पण होती. हौसाचे डोळे जडावले. ठकी ओट्यावर उभी होती. तिचे ओठ हलले. हौसाला वाटलं, आता पोर बोबडं बोलेल. पण ते बोल त्या वयाचे असतात, बाळांनो. आसरेनं ते जपून ठेवले, पोर काही त्यांच्यासाठी लहान राहिली नाही. ठकी अगदी स्वच्छ बोलली.

"आई, तू आधीच का नाही गेलीस?"

हौसानं लेकीला पोटाशी धरलं.

मग काय, राहिले सुखानं. उचल फिटेपर्यंत लिंबाजीला पुष्कळ लुगडी विणावी लागली, पण फिटली. ठकी खूप बोलायची आणि तिला कुणी गप्प बस म्हणायचं नाही. फक्त गल्लीत कुणाचं तान्हं बोबडं बोलायला लागलं, की हौसा हातातलं काम ठेवून दारात जाऊन बसायची.

झाली गोष्ट. बापू, रडतोस होय? ये, माझ्या कुशीत ये. मिटा आता डोळे सगळ्यांनी.